मुलगा मँचेस्टरला असेल तर एक दिवस बोल्टनला काढा, कसा ते सांगतो

आमच्या सावरकरनगरात हल्ली दोन-चार बिल्डिंगा सोडून कुणी ना कुणी मुलाकडे नाहीतर लेकीकडे इंग्लंडला जाऊन आलेलं असतं, आणि सगळ्यांचे फोटो तेच, लंडनचा मोठा पाळणा, बकिंगहॅमचा राजवाडा आणि मफलर गुंडाळलेले आजोबा. आमचा मुलगा मँचेस्टरला असतो म्हणून आम्ही दोघं दोनदा गेलो. मला विचाराल तर लंडनचा एक दिवस कापा आणि बोल्टनला द्या, मँचेस्टरजवळचं जुन्या सूतगिरण्यांचं गाव ते. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, फिटर होतो, तेव्हा आवड थोडी वेगळी आहे हे आधीच कबूल करतो.

तयारी ठाण्यातच करायची. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे, साहिब, सिंध, सुलतान ही इंजिनांची नावं पण पाठ, पण ती बनली कुठे हे कोणी विचारत नाही. ती आली लँकेशायरमधून, इंग्लंडच्या त्याच भागातून, न्यूटन-ले-विलोज गावच्या व्हल्कन फाउंड्रीतून. तो कारखाना गेला, त्या जागेवर आता घरं झाली. ओळखीचं वाटतं ना? वागळे इस्टेटला रोड नंबर १६ वरून चालताना मला अजून सवय आहे, काचेची बिल्डिंग दिसली की "इथे आधी काय होतं?" असं तोंडातून निघतंच. हाच प्रश्न घेऊन बोल्टनला जायचं, बाकी काही नको.

मँचेस्टरहून ट्रेनने वीसेक मिनिटं लागतात. स्टेशनातून पुलावरून थेट बस स्टँडवर उतरता येतं, बस पिवळ्या आहेत, २०२३ पासून. टाउन हॉल १८७३ चा, पुढे खांब आणि दगडी सिंह, फोटो काढा आणि निघा, तिथे वेळ घालवू नका. शेजारच्या म्युझियममध्ये मात्र जा. तिथे इजिप्तचं मोठं दालन आहे, आमच्या हिने विचारलं की सुताच्या गावात ममी कशाला? त्याचं कारण कापूस. बोल्टन बारीक सुतासाठी नावाजलेलं आणि बारीक सुताला लांब धाग्याचा कापूस लागतो, तो इजिप्तमधून यायचा, मग गिरणीमालकांच्या घरातल्या लोकांनी तिकडच्या उत्खननाला पैसे दिले आणि वस्तू इकडे आल्या.

आता मुख्य माणूस. सॅम्युअल क्रॉम्प्टन. त्याचा पुतळा गावात नेल्सन स्क्वेअरला आहे, पण त्याचं राहतं घर बघायचं असेल तर ब्लॅकबर्नच्या लाइनवर पुढचंच स्टेशन, हॉल-इथ-वुड. जुनं लाकडी चौकटींचं घर आहे, त्यात हे लोक भाड्याने राहायचे. इथे त्याने १७७९ मध्ये म्यूल नावाचं सूत कातायचं मशीन पुरं केलं. म्यूल म्हणजे खेचर, कारण ते दोन मशीनचं मिश्रण. आर्कराइटच्या मशीनमधले रोलर घेतले, ते पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वात, ओढून पातळ करतात, आणि हारग्रीव्ह्जच्या जेनी नावाच्या मशीनमधली पुढेमागे सरकणारी गाडी घेतली. गाडी चात्यांसकट, म्हणजे सूत गुंडाळायच्या फिरत्या सळ्यांसकट, मागे जाते, जाताना सूत ताणलं पण जातं आणि पीळ पण बसतो, मग गाडी पुढे येते आणि तेच सूत चातीवर गुंडाळलं जातं. हाताला चरखा माहीत असेल तर लगेच कळेल, आजी उजव्या हाताने चाक फिरवून डावा हात मागे न्यायची तेच हे, फक्त शेकडो हात एकदम. मी ते बघत इतका वेळ उभा राहिलो की ही बाहेर बाकावर जाऊन बसली.

पण क्रॉम्प्टनने पेटंट घेतलं नाही. लोक खिडकीतून डोकवायला लागले, शेवटी वर्गणी देऊ म्हणाले म्हणून त्याने मशीन खुलं करून टाकलं आणि हातात पडले जेमतेम साठ-सत्तर पौंड. पुढे १८१२ ला पार्लमेंटने ५००० पौंड दिले, तेव्हा देशभर त्याच्या पद्धतीच्या लाखो चात्या फिरत होत्या. आर्कराइट, जो एकेकाळी ह्याच बोल्टनमध्ये न्हावी होता, तो मात्र गडगंज श्रीमंत झाला. आमच्या वर्कशॉपमध्ये पण जिग, म्हणजे काम पकडायचा साचा, बनवायचा एक आणि बढती मिळायची दुसऱ्याला, तेव्हा मला नवल वाटलं नाही.

हे घर नंतर विकत घेऊन गावाला दिलं ते लिव्हर नावाच्या माणसाने, तोच तो सनलाइट साबणवाला, त्याचा जन्म बोल्टनचाच, १८५१ चा. एक सूचना, अशा ठिकाणांचे उघडे असायचे वार आणि वेळ आदल्या दिवशी मोबाइलवर बघा. पहिल्या खेपेला मी एका म्युझियमच्या बंद दाराचा फोटो काढून परत आलोय, पावसात.

आता गिरण्या कशा ओळखायच्या. १९२९ ला इथे २१६ सूतगिरण्या होत्या, शिवाय २६ ब्लीचिंग-डाइंगचे कारखाने, आज सूत निघत नाही पण इमारती बऱ्याच उभ्या आहेत. लाल विटा, पाच-सहा मजले, ओळीने मोठाल्या खिडक्या आणि एका कोपऱ्यात टॉवर, ही सूतगिरणी. बसकी, एकमजली, करवतीच्या दातांसारखं छप्पर, ज्याला आपण नॉर्थ लाइट शेड म्हणतो, तो मागांचा कारखाना. सोपं लक्षात ठेवा, उंच दिसली तर सूत, बसकी दिसली तर कापड. आत आता कार्पेटची दुकानं, जिम, गोडाऊन, लहान वर्कशॉप. गिरणीच्या आसपास एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगा दिसतील, आपली चाळच ती, फक्त आडवी पसरलेली. गिरणगावातली माणसं गणपतीला कोकणात जायची तशी इथली सगळी गिरणी उन्हाळ्यात एक आठवडा बंद ठेवून अख्खं गाव ब्लॅकपूलच्या समुद्रावर जायचं.

गिरण्यांच्या धुराच्या उंच चिमण्या मात्र फार राहिल्या नाहीत. त्या पाडणारा फ्रेड डिबना इथलाच, त्याचा पुतळा आहे गावात. त्याची पद्धत अशी की बुडाच्या विटा एका बाजूने काढायच्या, तिथे लाकडाचे टेकू द्यायचे, मग जाळ लावायचा, टेकू जळाले की चिमणी त्या बाजूला आडवी. गंमत म्हणजे ह्याच माणसाचा जीव चिमण्या आणि वाफेच्या इंजिनांवर. जुनी गिरणी इंजिनं बघायची तर चोर्ली ओल्ड रोडजवळ स्टीम म्युझियम आहे, पण इंजिनं वाफेवर चालवतात ते वर्षातले ठरावीक दिवसच, ती तारीख साधा. तेलाचा तो वास आला ना, मला थेट पहिली पाळी आठवली.

वेळ असेल तर त्याच ब्लॅकबर्न लाइनवर पुढे डार्वेनला जा, माझ्या मते ह्या सगळ्या ट्रिपमधली सगळ्यात भारी जागा. स्टेशनवर उतरलं की ३०३ फुटांची चिमणी, नक्षीदार, देवळाच्या दीपमाळेसारखी, आणि त्या गिरणीचं नाव काय तर इंडिया मिल, १८६७ ला पुरी झालेली. त्याच्या आधीच अमेरिकेतल्या यादवीने तिकडचा कापूस बंद झाला होता, लँकेशायर उपाशी आणि आपली मुंबई कापसाच्या पैशाने वेडी, १८६५ ला युद्ध संपलं तशी मुंबई आपटली. युद्धाच्या काळात लँकेशायरला नाइलाजाने आपला सुरती कापूस वापरावा लागायचा, तो आखूड धाग्याचा, सूत सारखं तुटायचं, कामगार वैतागायचे. मग १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी ह्याच डार्वेनला आले. इकडच्या विलायती कापडावरच्या बहिष्काराने तिकडे लोक बेकार झालेले, तरी गिरणीतल्या बायकांनी त्यांच्याभोवती गर्दी करून जल्लोष केला, तो फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. मागांच्या आवाजात ऐकू यायचं नाही म्हणून ह्या बायका ओठांवरून बोलणं ओळखायच्या. आमच्या प्रेस शॉपमध्ये पण तेच, घरी आल्यावर ही म्हणायची ओरडता कशाला.

आजचं बोल्टन खोटं सजवून सांगत नाही, भर गावात बंद दुकानं बरीच आहेत, खरेदीला लोक मँचेस्टरला जातात. पण संध्याकाळी डीन रोड, डर्बी स्ट्रीटकडे वळा. साठच्या दशकापासून गुजराती लोक गिरण्यांच्या रात्रपाळीला आले, गिरण्या गेल्या तरी ते राहिले, त्यामुळे फरसाण, मिठाई, मशिदी, स्वामिनारायण मंदिर, सगळं आहे. दुपारी गावात पेस्टी खा, आपल्या पॅटिसचा दांडगा भाऊ, शाकाहारी असाल तर चीज अँड अनियन असं स्पष्ट सांगा, नुसतं पेस्टी म्हणालात तर मांस येईल.

छत्री नेऊ नका, वाऱ्याने उलटते, टोपीवालं जॅकेट न्या. आणि डार्वेनहून परतायची गाडी आधी बघून ठेवा, आपल्या लोकलसारखी दर चार मिनिटांनी नसते, आम्ही फलाटावर थर्मासमधला चहा आणि घरून नेलेले थेपले संपवले तरी गाडी यायचीच होती.