नवीन रास्पबेरी लावलीये? मग खुरपं जरा लांब ठेवा

सिएटलच्या आसपास रास्पबेरी जगवणं अवघड नाही, इथून वर कॅनडाच्या सीमेजवळ लिंडनच्या बाजूला तर तिची शेतंच्या शेतं आहेत, म्हणजे हवा तिला मानवतेच. पहिल्या वर्षी खरा ताप देतं ते गवत. आपल्याला सवय, गवत दिसलं की घ्यायचं खुरपं आणि बसायचं निंदायला. मी तेच केलं. पण हिची बरीचशी मुळं वरवरच असतात आणि त्यांतूनच नवे कोंब फुटतात, ते मी गवतासोबत उडवले आणि माझी जात जूनमध्ये एकदाच फळणारी, तिला फळ येतं ते आदल्या वर्षीच्या काड्यांवर, त्यामुळे पुढचा जून जवळजवळ कोरडाच गेला.

तर क्वॅकग्राससारखं गवत असेल, म्हणजे आपल्या हरळीचा भाऊच, तर त्याच्या पांढऱ्या मुळ्या लावणीआधीच काटेरी फावड्याने उपसून काढा, नंतर ते जमत नाही. मग ओळीच्या दोन्ही बाजूंना, साधारण फूटभर सोडून, पुठ्ठा अंथरा (टेप काढून, चिंब भिजवून, कडा ६ इंच एकमेकांवर). ओळीत पुठ्ठा नको, नवे कोंब खालीच अडकतात. तिथे फक्त २-३ इंच वुडचिप्स, तेही काडीपासून चार बोटं लांब. वुडचिप्स नायट्रोजन खातात म्हणून लोक घाबरवतात, पण ते मातीत मिसळले तर, वर नुसते पसरले तर काही होत नाही. पेंढा चालेल, सुकं गवत नको, त्यात बियाच बिया असतात. लॉनवर तणनाशक मारलं असेल तर ते कापलेलं गवतही इथे टाकू नका.

एवढं करूनही जे उगवेल ते लहान असतानाच, पाऊस पडून गेल्यावर, हाताने उपटायचं.

आता शेजारी काय लावायचं? पहिल्या वर्षी ओळीपासून २ फुटांत काहीच नाही, पाण्यासाठी मारामारी होते. त्यापलीकडे लसूण लावा, तो किडे पळवतो यावर माझा फार विश्वास नाही पण जागा कमी खातो. मधल्या वाटेत पांढरा क्लोव्हर (जमिनीलगत पसरणारं तीन पानांचं झाड) मस्त, तण दाबतो, नायट्रोजन धरतो, मधमाश्या येतात, फक्त कापत राहा नाहीतर ओळीत घुसतो. झेंडू शोभेला लावा हवं तर, सूत्रकृमी (मातीतले, मुळांना लागणारे बारीक किडे) कमी व्हायला तो हंगामभर दाट लावावा लागतो, दोन रोपांनी काही होत नाही.

टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची मात्र अजिबात नको, स्ट्रॉबेरीही नको. व्हर्टिसिलियम नावाची मर रोगाची बुरशी या सगळ्यांत फिरते आणि मातीत वर्षानुवर्षं टिकते, त्यामुळे मागच्या ३-४ वर्षांत जिथे टोमॅटो होते ती जागाही सोडा. आणि पुदिना कुंडीतच ठेवा, तोही जमिनीखालून धावतो, मग कोण कुणाच्या घरात घुसलंय तेच कळत नाही.