कोपर निखळले आणि हाडही मोडले, तर या चुका टाळा

पावसाळ्यात दुचाकी घसरली किंवा रेल्वे पुलाच्या ओल्या जिन्यावरून पाय सटकला, की माणूस हात टेकतो आणि सगळा भार कोपरावर येतो. निखळलेला सांधा जागेवर बसला आणि कळ थांबली, की काम झाले असे रुग्णाला वाटते, क्वचित उपचार करणाऱ्यालाही. पुढच्या बहुतेक चुका या समाधानातूनच होतात.

हाडवैद्याकडून कोपर ओढून घेणे किंवा मालिश करणे टाळावे, हे वेगळे सांगायला नको. मात्र रुग्णालयातही सांधा बसवण्यापूर्वी आणि नंतर मनगटाची नाडी, बोटांची हालचाल व करंगळीची संवेदना तपासून नोंदवली नाही, तर नस नेमकी केव्हा दुखावली हे पुढे कळत नाही.

सर्वांत महागात पडते ती एक्स-रेमधल्या बारीक तुकड्याकडे केलेली डोळेझाक. अल्ना या करंगळीच्या बाजूच्या हाताच्या हाडाचे कोरोनॉइड हे कोपरातले पुढचे टोक सांध्याला मागे सरकू देत नाही. ते मोडले, सोबत रेडियल हेडही (अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे कोपराकडचे डोके) फुटले आणि सांधा निखळला, तर या त्रिकुटाला ‘टेरिबल ट्रायड’ म्हणतात. हे नाव अस्थिशल्यविशारद हॉचकिस यांनी 1996 मध्ये दिले. यात बाहेरच्या बाजूचा अस्थिबंधही (हाडांना एकत्र बांधणारा पट्टा) बहुधा तुटलेला असतो, म्हणून नुसत्या प्लास्टरमध्ये सांधा पुन्हा निसटू शकतो. सांधा बसवल्यावर सीटी स्कॅन केल्यास तुकड्यांचा आकार आणि जागा स्पष्ट होते. खर्च वाचवण्यासाठी तो टाळणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. मनगट दुखत असेल, तर त्याचाही एक्स-रे हवा.

चुरा झालेले रेडियल हेड काढून जागा रिकामी सोडणे ही अशा अस्थिर कोपरात गंभीर चूक ठरते. ते जोडता येत नसेल, तर कृत्रिम हेड बसवावे आणि अस्थिबंधही शिवावा.

शस्त्रक्रियेनंतर हात तीन आठवड्यांहून अधिक काळ जखडून ठेवला, तर कोपर आखडते. उलट घाईने जोर लावून वाकवले, तर सूज वाढते आणि दुखावलेला सांधा आणखी बिघडतो. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली रुग्णाने स्वतःच्या स्नायूंनी हालचाल वाढवावी. हात पूर्ण सरळ म्हणजे 0 धरून साधारण 30 ते 130 अंशांपर्यंत हालचाल परत आली, तर जेवणे, केस विंचरणे अशी रोजची बहुतेक कामे होतात; उरलेल्या अंशांसाठी कोणाकडूनही हात दाबून घेऊ नये.