ह्यूस्टनमध्ये वीज गेल्यावर स्वयंपाक आणि पाणी: नव्याने आलेल्यांसाठी

केटी, शुगर लँड, पेअरलँड या भागांत दरवर्षी नवी मराठी कुटुंबं येतात. शाळा, गाडी, क्रेडिट कार्ड याबद्दल त्यांना कुणी ना कुणी सांगतंच. वीज गेल्यावर चहा कशावर करायचा, हे कुणी सांगत नाही. विषय निघालाच तर जुनी मंडळी म्हणतात, "आपल्याला काय, लोडशेडिंगची सवय आहे." मला हे बोलणं धोक्याचं वाटतं. गावाकडे वीज बारा तास नसली तरी ओट्यावर सिलिंडर होता आणि पिंपात पाणी होतं. इथल्या बहुतेक अपार्टमेंटमध्ये शेगडीच विजेवर चालते, त्यामुळे दिवे आणि चूल एकदमच बंद होतात. मोठ्या संकटात मागोमाग नळही जातो.

१५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे थंडीच्या लाटेत असंच झालं. टेक्सासभर ४५ लाखांहून जास्त घरा-दुकानांची वीज गेली, आणि दोन दिवसांनी ह्यूस्टनमध्ये पाणी उकळून प्यायची नोटीस आली. उकळायचं कशावर, हे ज्याचं त्याने बघायचं. ८ जुलै २०२४ ला बेरिल वादळात पुन्हा २० लाखांहून जास्त ग्राहक अंधारात गेले, तेही भर उन्हाळ्यात. म्हणजे तयारी दोन्ही ऋतूंची हवी.

घरात गॅसची शेगडी असेल तर वीज नसतानाही बर्नर बहुधा काडीने पेटतो: आधी काडी जवळ धरा, मग नॉब फिरवा. ओव्हनच्या नादी लागू नका. शेगडी विजेची असेल तर प्रोपेनचा कॅम्पिंग स्टोव्ह आणि एक पौंडाचे हिरवे सिलिंडर आजच आणा, वादळाची बातमी आल्यावर दुकानात काही उरत नाही. एक सिलिंडर एका बर्नरवर पूर्ण आचेने साधारण दोन तास चालतो. कोरियन दुकानातला ब्यूटेनचा चपटा स्टोव्ह आपल्या लोकांना फार आवडतो. उन्हाळ्यात तो चालेल, पण ब्यूटेन शून्य अंश सेल्सियसच्या आसपास वायूच होत नाही, आणि नेमकी कडाक्याच्या थंडीत ज्योत मरते. प्रोपेन उणे ४२ पर्यंत दगा देत नाही. गाडीच्या सॉकेटवर विजेची किटली लावायचा प्रयत्न करू नका: किटलीला १५०० वॉट लागतात, सॉकेट दीडशेच्या आसपास देतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जाळ घराबाहेरच. प्रोपेन असो, ब्यूटेन असो, कोळसा असो, बाहेरच. खिडकी उघडी ठेवून चालत नाही, गॅरेजचं दार वर करूनही चालत नाही. २०२१ च्या त्या थंडीत आमच्या कॉम्प्लेक्समधल्या एका नव्या कुटुंबाने बाहेर कोळशाच्या ग्रिलवर खिचडी केली, आणि ऊब यावी म्हणून ग्रिल तसंच हॉलमध्ये आणून ठेवलं. धूर नव्हता, निखाऱ्यांवर राख आली होती. थोड्याच वेळात मुलांना उलट्या सुरू झाल्या, आजींचं डोकं जड झालं. खिचडी बाधली असं समजून सगळे पांघरूण घेऊन पडले. शेजारच्या बाईंनी दार वाजवलं, त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी सगळ्यांना बाहेर काढून ९११ ला फोन केला. जीव वाचले. हॉस्पिटलचं बिल ते कुटुंब कितीतरी महिने फेडत होतं.

राखेखालचा निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडतच राहतो, त्याला वास नसतो. इथली घरं एसीचा गारवा बाहेर जाऊ नये म्हणून घट्ट बंद बांधलेली असतात, कौलांतून झिरपणारी हवा इथे नाही. राज्याच्या आरोग्य खात्याने त्या थंडीचे २४६ मृत्यू मोजले, त्यातले १९ या वायूचे. घरातल्या सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, झोप आली, तर आधी बाहेर पडा, कारण मग शोधा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म घ्या. बाल्कनीत स्टोव्ह चालतो का, हे लीजमध्ये वाचा. चालत नसेल तर खाली उघड्यावरच्या पार्किंगमध्ये, भिंतीपासून दूर जा.

पाणी: खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, दहा मिनिटं उकळून सिलिंडर संपवू नका. जाळ नसेल तर बिनवासाचं साधं ६ टक्क्यांचं ब्लीच, एका गॅलनला ८ थेंब, ढवळून अर्धा तास ठेवा. साध्या फिल्टरच्या जगने पाण्यातले जंतू निघत नाहीत. लोक प्यायचं पाणी उकळतात आणि पोहे मात्र नळाखाली धुतात, कोथिंबीरही. नोटीस असेपर्यंत पोहे भिजवायला, दात घासायला, बर्फाला, सगळ्याला उकळलेलंच पाणी. भारतातून आलेल्या आई-बाबांना हे पुन्हा पुन्हा सांगा, त्यांचा हात सवयीने नळाकडे जातो. आणि नोटीस नीट वाचा: "वापरू नका" असं असेल तर उकळून उपयोग नाही. २०१६ च्या डिसेंबरात कॉर्पस ख्रिस्तीत पाण्यात रसायन गेल्याच्या भीतीने तशीच नोटीस निघाली होती.

फ्रिज बंद ठेवलात तर आतलं चार तास टिकतं, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस. आधी दूध आणि शिजवलेलं संपवा.

स्वयंपाकाला दोन लिटरचा छोटा कुकर पुरतो. मुगाची डाळ आणि तांदूळ उकळलेल्या, निवलेल्या पाण्यात भिजवून लावा, शिट्ट्या झाल्या की बंद करून वाफेवर मुरू द्या. मेतकूट, सातूचं पीठ, लाडू, लोणचं घरात असू द्या. मोठी भांडी काढू नका, धुवायला पाणी लागतं.

सिलिंडर घरात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. बाहेर, सावलीत, हवा खेळेल अशा जागी ठेवा, आणि लायटरसोबत काड्यापेटी झिपच्या पिशवीत बंद करून.