एकाच सेटिंग्ज फाइलच्या दोन प्रती

माझ्या छोट्या प्रोग्रॅमची सेटिंग्ज फाइल मी विंडोजच्या प्रोग्रॅम फाइल्स फोल्डरमध्येच, एक्सईच्या (प्रोग्रॅम चालवणाऱ्या मुख्य फाइलच्या) शेजारी ठेवत होतो. एकदा फाँटचा आकार बदलला. प्रोग्रॅममध्ये १४ दिसतोय, पण फाइल उघडली तर त्यात अजून ११! शेवटी अख्ख्या ड्राइव्हवर त्या नावाने शोध घेतला, तर दुसरी प्रत ॲपडेटा (प्रत्येक वापरकर्त्याचं, प्रोग्रॅम्सच्या माहितीसाठीचं लपलेलं फोल्डर), त्यात लोकल, त्यात व्हर्च्युअलस्टोअर अशा फोल्डरमध्ये निघाली. विंडोज व्हिस्टापासून हे असंच आहे: साध्या परवानगीने चालणारा जुन्या धाटणीचा ३२-बिट प्रोग्रॅम प्रोग्रॅम फाइल्ससारख्या संरक्षित जागी लिहायला गेला, की विंडोज ते लिखाण गुपचूप तिकडे वळवतं. ॲडमिन म्हणून चालवला की मात्र मूळ फाइलच बदलते.

आता सेटिंग्ज ॲपडेटामधल्या रोमिंग फोल्डरमध्ये ठेवतो, आणि कॅश (पुन्हा बनवता येणारा तात्पुरता डेटा) लोकलमध्ये. पहिल्यांदा सुरू होताना प्रोग्रॅम जुनी फाइल शोधून नव्या जागी उतरवून घेतो. व्हर्च्युअलस्टोअरमधली आधी, कारण वापरणाऱ्याचे ताजे बदल बहुधा तिथेच असतात. या फोल्डरांचे पाथ (पत्ते) कोडमध्ये हाताने लिहू नका, सिस्टिमलाच विचारा. आणि लोकांनी स्वतः बनवलेल्या फाइली? त्या कुठे ठेवायच्या हे त्यांनाच ठरवू द्यावं. लपलेल्या फोल्डरमध्ये त्या कोंबणं मला अजिबात पटत नाही.