घरकुलाचा हप्ता अडकलाय? पाया खणायच्या आधीच या चुका टाळा

घरकुल मंजूर झालं की गावात पहिला प्रश्न येतो मिस्त्री कोणता लावलाय, आणि दुसरा, किती खणाचं काढताय. खातं कुणाच्या नावाचं आहे, आधार लिंक आहे का, जागेचा उतारा कुणाचा आहे हे कोणी विचारत नाही. मग चार महिन्यांनी जोतं बांधून होतं, सळ्या गंज खात उभ्या असतात आणि माणूस पंचायत समितीच्या पायऱ्यांवर बसून म्हणतो "वरूनच निधी नाही". कधीकधी खरंच नसतो, नाही असं नाही. पण मी लोकांचे जेवढे अडकलेले हप्ते बघितलेत त्यातले बरेचसे नाव, खातं आणि जागा या तीन गोष्टींतच अडकलेले होते, आणि या तिन्ही गोष्टी पाया खणायच्या आधी तपासता येतात.

आधी पैशाचं गणित नीट समजून घ्या कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात १,२०,००० आणि डोंगरी, दुर्गम भागात १,३०,००० रुपये. आपल्याकडे १,२०,००० चे हप्ते साधारण असे पडतात: मंजुरीनंतर १५,०००, मग ७०,०००, मग ३०,००० आणि घर पूर्ण झाल्यावर शेवटचे ५,०००. याच योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातल्या घरकुलांना २०२५ मध्ये राज्याने वरून ५०,००० जाहीर केले, त्यात ३५,००० बांधकामाचे आणि १५,००० छतावरच्या सोलरचे, म्हणजे सोलर बसवलं नाही तर ते १५,००० नाहीत. शौचालयाचे १२,००० वेगळे, पण आधी स्वच्छ भारतमधून घेतले असतील तर परत मिळत नाहीत. रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी वेगळी. हे सगळं मिळून दोन लाख दहा हजारांच्या आसपास जातं आणि लोक तोच आकडा डोक्यात धरून मिस्त्रीला बोलतात, पण हा पैसा वेगवेगळ्या खिशातून, वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या कागदावर येतो.

पहिली चूक, पासबुक एकाचं आणि मंजुरी दुसऱ्याची

घरकुल शक्यतो घरातल्या बाईच्या नावे किंवा नवराबायकोच्या दोघांच्या नावे मंजूर होतं. आता होतं काय, बाईचं आधार लग्नानंतरच्या नावाने, पासबुक माहेरच्या नावाने, रोजगार हमीच्या जॉब कार्डवर तिसरंच काहीतरी, कुठे "बाई" लावलेलं कुठे नाही. फॉर्म भरणारा ऑपरेटर म्हणतो चालतंय, टाकून देतो. आणि मग पीएफएमएसला, म्हणजे सरकारी पैसे खात्यात पाठवणाऱ्या प्रणालीत, खातं व्हेरिफाय होत नाही, यादीत नाव दिसतं पण पैसे येत नाहीत.

दुसरं म्हणजे आधारवर येणारा पैसा कुठल्या खात्यात जातो हे बहुतेकांना माहीतच नसतं. घरात तीन खाती असतात, एक जनधनचं, एक बचत गटाच्या वेळी काढलेलं, एक पीक विम्यासाठी. डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा ज्या खात्याला एनपीसीआय मॅपिंग आहे, म्हणजे आधार ज्या खात्याला जोडलेलं आहे, तिथे जातो, तुम्ही झेरॉक्स कुठल्या पासबुकची दिली त्यावर नाही. त्यामुळे हप्ता आला नाही म्हणून ओरडायच्या आधी आपल्या सगळ्या खात्यांत एन्ट्री मारून या, पैसे दुसऱ्याच खात्यात पडून असतात असं होतं. बँकेत जाऊन सरळ विचारा, "डीबीटी कुठल्या खात्याला चालू आहे आणि हे खातं बंद तर नाही ना पडलं", कारण बरेच दिवस व्यवहार नसेल तर खातं झोपलेलं असतं, केवायसी केल्याशिवाय उठत नाही. ज्यांची खाती ग्रामीण बँकेत आहेत त्यांनी अजून एक बघायचं, १ मे २०२५ पासून राज्यातल्या दोन ग्रामीण बँका एकत्र होऊन एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झालीय, तेव्हा जुन्या पासबुकवरचा आयएफएससी जसाच्या तसा लिहून देऊ नका, शाखेत विचारून आजचा घ्या.

जुनं घर घाईत पाडू नका

ही चूक सगळ्यात वाईट आणि दर पावसाळ्याच्या तोंडावर होते. यादीत नाव आलं ऐकलं की लोक जुनं मातीचं घर, पत्र्याचं छप्पर उतरवून टाकतात, म्हणजे पाऊस पडायच्या आधी स्लॅब पडेल. अरे पण यादीत नाव येणं वेगळं आणि मंजुरी वेगळी! मंजुरीच्या आधी तुम्ही सध्या राहता त्या घराचा आणि नवीन बांधायच्या जागेचा फोटो अॅपमधून जिओ टॅग होतो, म्हणजे फोटोसोबत जागेचं लोकेशन नोंदलं जातं. घरच पाडलं तर फोटो कशाचा काढणार? मग माणूस भाड्याने किंवा मेव्हण्याच्या पडवीत, आणि फाईल टेबलावर.

जिओ टॅगिंगचं पुढेही तसंच आहे. जोत्याला फोटो, लेंटलला (दार-खिडक्यांवरच्या पट्ट्याला) फोटो, छताला फोटो, आणि प्रत्येक फोटो त्याच जागेवरचा पाहिजे. मंजुरीच्या वेळी गावातली जागा दाखवली आणि नंतर "शेतातच बांधू, मोकळं आहे" म्हणून मळ्यात पाया घेतला की अॅपमध्ये लोकेशन जुळत नाही, आणि गृहनिर्माण अभियंता इच्छा असली तरी फार काही करू शकत नाही. जागा बदलायचीच असेल तर खणायच्या आधी ग्रामपंचायतीला लेखी द्या. आणि जोतं झालं की फोटोसाठी कोणी आपणहून येईल याची वाट बघू नका, त्या अभियंत्याकडे अनेक गावं असतात, फोन करा, परत करा, फोटो अपलोड झाला का तेही विचारा, नुसता काढून उपयोग नाही.

जागेचा कागद

गावठाणात असाल तर नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घर-जागेच्या उताऱ्यावर, नाव कोणाचं ते बघा. आजोबांचंच असेल आणि चार भावांत वाटणी तोंडी झाली असेल तर भावांचं संमतीपत्र आधी करून ठेवा, गोडीत असताना. पाया उभा राहिल्यावर संमती मागायला गेलं की भावाला पण बांधाचं, गोठ्याचं, दहा वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं.

जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे, त्यात ५०,००० मिळायचे ते वाढवून १ लाखापर्यंत केलेत. ही योजना लोकांना सांगतच नाही कोणी. गायरानात कोपरा धरून बांधू म्हणणाऱ्यांनी मात्र ग्रामपंचायतीकडून लेखी काय मिळतंय ते बघूनच कुदळ मारावी, "सरपंच आपलाच आहे" हा काही कागद नाही.

२६९ फुटांचं घर आणि ६०० फुटांचा पाया

योजनेत घर किमान २५ चौरस मीटर पाहिजे, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. आता आपल्या माणसाला ते कसंतरीच वाटतं, आयुष्यात एकदाच बांधतोय, पोराचं लग्न करायचंय, एक खोली जास्त काढू. भावना बरोबर आहे पण पैसा मोजून येतो. ६०० फुटांच्या पायातच आलेले हप्ते जिरतात, पुढचा हप्ता लेंटल झाल्याशिवाय येत नाही आणि लेंटलला हातात काही नाही, मग सावकार किंवा मायक्रो फायनान्स. माझं स्पष्ट मत आहे, आधी अनुदानात बसतंय तेवढं पूर्ण करा, शेवटचा फोटो होऊ द्या, आणि वाढवायच्या बाजूला सळ्या सोडून ठेवा. दोन वर्षांनी ऊस किंवा कापूस बरा झाला तर वाढवा. मंजुरीपासून १२ महिन्यांत घर पूर्ण करायचं असतं हेही विसरू नका, अर्धवट सोडलं तर वसुलीची नोटीस येते.

ठेकेदाराला "सगळं तूच बघ" म्हणून पासबुक आणि अंगठा देऊन मोकळं होणारे पण आहेत. योजनेत ठेकेदार नाहीच, बांधकाम लाभार्थ्याने स्वतः करून घ्यायचंय. मिस्त्री लावा, मजुरीवर लावा, पण सिमेंट सळईची बिलं तुमच्या हातात पाहिजेत. वाळूचं पण तसंच, घरकुलाला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे, तहसीलच्या पासवर. वाहतूक आपल्या खिशातून, तरी चोरून आणलेल्या वाळूपेक्षा स्वस्तच पडते.

मस्टर सोडू नका

९० दिवसांची मजुरी म्हणजे २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजाने २८,०८० रुपये होतात. एवढी रक्कम लोक निव्वळ आळसाने घालवतात. जॉब कार्ड नाही, किंवा आहे पण त्यावर फक्त म्हाताऱ्याचं नाव, किंवा रोजगार सेवकाला सांगितलंच नाही. मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, काम चालू असताना निघतं, घर रंगवून झाल्यावर "माझी ९० दिवसांची द्या" म्हणून चालत नाही. पाया खणायच्या आठवड्यातच रोजगार सेवकाला गाठा आणि तुमच्या कामाचं मस्टर निघालं का, त्यावर नावं कोणाची लागलीत हे डोळ्याने बघा. दुसऱ्याच कोणाची नावं लागली असतील तर तेव्हाच बोला.

ज्यांचं नावच नाही त्यांच्यासाठी

दारात मोटारसायकल आहे, फ्रीज आहे म्हणून आपण बसत नाही असं समजून घरी बसलेले बरेच आहेत. त्या अटी दुसऱ्या टप्प्यात काढल्यात आणि महिन्याच्या कमाईची मर्यादा १०,००० वरून १५,००० केलीय. चारचाकी, ट्रॅक्टर, सरकारी नोकरी, आयकर भरणारा, अडीच एकर किंवा जास्त बागायत, पाच एकर किंवा जास्त जिरायत या गोष्टी मात्र अजून अडवतात. आणि एकाच योजनेला चिकटून बसू नका. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना रमाई, आदिवासींना शबरी, भटक्या विमुक्तांना यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, ओबीसींना मोदी आवास अशा राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. कातकरी, कोलाम, माडिया गोंड कुटुंबांना पीएम जनमनमधून घरासाठी २ लाख आहेत, तरी त्यांना साध्या यादीत थांबवून ठेवलेलं दिसतं, ते आधी विचारा. गाव नगरपंचायतीत गेलं असेल तर ग्रामीणचा फॉर्म भरून उपयोग नाही, शहरी योजनेत जावं लागतं.

कुणाला "यादीत नाव घालतो" म्हणून पैसे देऊ नका. ग्रामसभेला जा, तिथे यादी वाचतात, नाव वगळलं तर कारण प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) लिहायला लावा. ते पटलं नाही तर जिल्ह्याला अपील समिती असते, तिच्याकडे जाता येतं.

आणि हप्ता खरंच अडकला असेल तर गटविकास अधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्या, पण "माझा हप्ता मिळावा ही विनंती" एवढ्यावर भागवू नका. घरकुलाचा नोंदणी क्रमांक, कितवा हप्ता कधी आला, आत्ता बांधकाम कुठल्या लेव्हलला आहे, त्या लेव्हलचा फोटो कोणत्या तारखेला कोणी काढला, खात्याचे शेवटचे चार आकडे, हे सगळं लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबरसकट पोहोच घ्या. पंधरा दिवसांनी परत जाताना तीच प्रत घेऊन जा, म्हणजे "आणा परत सगळे कागद" पासून सुरुवात होत नाही.