शुगर आणि कॅल्शियमचा रिपोर्ट कसा वाचायचा
सांगलीत सकाळी लॅबला जायचं तर आधीचे 8 तास पाण्याशिवाय काही नको, बिनसाखरेचा चहा पण नको, भडंग तर नकोच नको. फास्टिंग (उपाशीपोटीची) शुगर 70 ते 99 mg/dL म्हणजे ठीक, दोनदा 126 किंवा वर आली की डायबेटिस धरतात.

जेवल्यावर इन्सुलिन साखर पेशींत ढकलतं, उपाशी असलो की ग्लुकॅगॉन हे हार्मोन लिव्हरमधनं ती बाहेर काढतं, आणि किडनी गाळलेली साखर जवळजवळ सगळी परत रक्तात घेते पण रक्तात साधारण 180 च्या वर गेली की तिला झेपत नाही, मग लघवीत उतरते. म्हणून नुसत्या लघवीवरनं शुगर नाही म्हणू नका. (डापाग्लिफ्लोझिन ही किडनीला साखर परत घेऊ न देणारी गोळी चालू असेल तर शुगर कंट्रोलमधे असूनपण लघवीत दिसणारच.)

कॅल्शियम 8.5 ते 10.5 mg/dL म्हणजे ठीक. पण आधी अल्ब्युमिन (कॅल्शियम धरून ठेवणारं रक्तातलं प्रोटीन) बघा, ते 4 g/dL पेक्षा 1 नं कमी असेल तर कॅल्शियममधे 0.8 मिळवायचे. तरी कमीच असेल तर डॉक्टरांना पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) आणि व्हिटॅमिन डी च्या टेस्टबद्दल विचारा. कॅल्शियम घसरलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच सोडतात, ते हाडातनं कॅल्शियम काढतं, किडनीला कॅल्शियम धरायला आणि फॉस्फेट सोडायला लावतं, आणि डी ला कामाचं रूप पण किडनीच देते, त्यामुळं क्रिएटिनिन वाढलेलं असेल (म्हणजे किडनीचं काम कमी झालेलं असू शकतं) तर मनानं कॅल्शियमच्या गोळ्या चालू करू नका.