सोलापूर महापालिकेचा हिशोब आणि लेखापरीक्षण अहवाल कसा मिळवावा

महापालिकेच्या ‘इंद्रभुवन’ इमारतीच्या आवारात जाऊन ‘महापालिकेचा हिशोब पाहायचाय’ असं म्हटलं, तर या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्यात दिवस जातो. कारण ‘हिशोब’ नावाचा एकच एक कागद तिथं नसतो. कागद चार-पाच आहेत आणि ते वेगवेगळ्या कार्यालयांत असतात. कागदाचं नेमकं नाव आणि वर्ष ठाऊक असलं की निम्मं काम तिथंच होतं.

आधी कागद ओळखा

अंदाजपत्रक म्हणजे येत्या 1 एप्रिल ते 31 मार्च या वर्षात किती पैसा येईल आणि कशावर खर्च करायचा, याचा बेत. वर्तमानपत्रांत आकडे येतात ते याचेच. पण बेत म्हणजे खर्च नव्हे. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात प्रत्येक लेखाशीर्षासमोर, म्हणजे जमेच्या किंवा खर्चाच्या प्रत्येक बाबीसमोर, साधारणपणे मागील वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. आधी ‘प्रत्यक्ष’चा रकाना वाचा. मिळकत करापोटी धरलेली रक्कम आणि हाती आलेली रक्कम यांतली तफावत पाहिली, की यंदाचा आकडा किती फुगवलाय ते कळतं. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला. त्यांच्या जागी शासनाकडून जीएसटीपोटी भरपाई अनुदान येतं. तेही जमेच्या बाजूला वेगळं दिसतं. महापालिकेच्या परिवहन उपक्रमाचं अंदाजपत्रक स्वतंत्र असतं, ते निराळं मागावं लागतं.

वार्षिक लेखे म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक, जमा-खर्च पत्रक आणि ताळेबंद. वर्ष संपल्यावर लेखा विभाग ते तयार करतो. ठेकेदारांची थकलेली देणी, कर्ज आणि बँकेतल्या ठेवी पाहायच्या तर ताळेबंदच उघडावा लागतो. अंदाजपत्रकात हे सापडत नाही.

लेखापरीक्षण म्हणजे हिशोबाची तपासणी. ती दोन प्रकारची असते. महापालिकेचे स्वतःचे मुख्य लेखापरीक्षक असतात, त्यांचा अहवाल स्थायी समितीकडे जातो. दुसरी शासनाच्या स्थानिक निधी लेखापरीक्षा खात्याची, 1930 च्या कायद्यानुसार होणारी. त्याखेरीज नागरी संस्थांविषयी कॅगचे अहवाल विधिमंडळात मांडले जातात. ते कॅगच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. मात्र त्यात सगळ्या राज्यातल्या निवडक संस्था असतात, दर वर्षी सोलापूर असेलच असं नाही.

आणखी एक खिसा आहे. स्मार्ट सिटीची कामं महापालिकेच्या खात्यातून नव्हे, तर ‘सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन लिमिटेड’ या कंपनीमार्फत झाली. तिचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर ‘सार्वजनिक कागदपत्रे पाहा’ या सोयीतून, थोडं शुल्क भरून, उघडता येतात. उजनीच्या समांतर जलवाहिनीसारख्या कामाचा पैसा एकापेक्षा जास्त ठिकाणांहून आलेला असतो. नुसतं महापालिकेचं पुस्तक चाळून त्याची बेरीज लागायची नाही.

पहिली पायरी : घरबसल्या

महापालिकेच्या संकेतस्थळावर अंदाजपत्रक आणि माहिती अधिकाराच्या कलम 4 खालची माहिती शोधा. न मागताच प्रसिद्ध करायच्या माहितीच्या 17 बाबी या कलमात आहेत, त्यांत अंदाजपत्रक आणि खर्चाचे अहवाल येतात. मग केंद्राच्या ‘सिटीफायनान्स डॉट इन’ पोर्टलवर सोलापूरचं नाव टाका. पंधराव्या वित्त आयोगाचं अनुदान मिळण्यासाठी मागील वर्षाचे तात्पुरते लेखे आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित लेखे जाहीर करण्याची अट होती, त्यामुळे तिथं बऱ्याच वर्षांचे ताळेबंद पीडीएफमध्ये सापडतात. उघडलेला कागद ‘तात्पुरता’ आहे की ‘लेखापरीक्षित’, हे पहिल्या पानावर तपासा. दोन्हींतले आकडे जुळत नाहीत म्हणून लगेच घोटाळा झाला असं समजू नका.

दुसरी पायरी : सोमवारी दुपारी

ही वाट फार थोड्यांना माहीत आहे. शासनाच्या नोव्हेंबर 2018 च्या परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख, म्हणजे कार्यालयातले कागद आणि फायली, पाहता येतात. सोमवारी सुट्टी आली तर लगतच्या कामाच्या दिवशी. त्या परिपत्रकाची छापील प्रत खिशात ठेवा, नाहीतर ‘असं काही नसतं’ हे उत्तर ठरलेलं. ऐनवेळी गेलं तर फाईल जागेवर नसते, म्हणून दोन-चार दिवस आधी लेखा किंवा लेखापरीक्षा विभागाला कोणता कागद पाहायचाय त्याचं पत्र देऊन पोच घ्या. पाहताना हवी ती पानं क्रमांकासह टिपून ठेवा. पुढं अर्जात ‘पान 14 ते 22’ एवढंच लिहिलं की भागतं, चारशे पानांचे पैसे भरावे लागत नाहीत.

तिसरी पायरी : माहितीचा अर्ज

जोडपत्र ‘अ’, म्हणजे माहिती अधिकार अर्जाचा ठरलेला नमुना, भरा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा किंवा रोख भरून पावती घ्या. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला दाखला जोडल्यास फी नाही. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा. मजकूर असा ठेवा :

‘सन 2023-24 या लेखावर्षाच्या महापालिकेच्या लेख्यांवरील मुख्य लेखापरीक्षकांच्या वार्षिक अहवालाची प्रत, तसेच त्यातील आक्षेपांवर संबंधित विभागांनी सादर केलेल्या अनुपालनाची प्रत मिळावी.’

अनुपालन म्हणजे आक्षेपावर विभागानं दिलेलं उत्तर. अर्ज लेखापरीक्षा विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे द्या. ताळेबंद हवा असेल तर लेखा विभागाकडे. स्थायी समितीचा किंवा सभेचा ठराव हवा असेल तर नगरसचिव कार्यालयाकडे. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर प्रशासक आले. त्या काळातले निर्णय मागताना ‘प्रशासकीय ठराव’ असं लिहा, नाहीतर ‘सभाच झाली नाही’ असं उत्तर येईल, आणि ते खरंही असेल.

अर्ज फसतो तो बहुतेक वेळा शब्दांमुळे. ‘का’, ‘कोणामुळे’, ‘भ्रष्टाचार झाला का’ असं विचारलं की तो प्रश्न ठरतो, अभिलेख ठरत नाही. ‘गेल्या दहा वर्षांची सर्व माहिती’ मागितली की ती विस्तृत आहे म्हणून येऊन पाहा, असं कळवतात. दुसरी ठेच वर्षाची. ‘2024 चा लेखापरीक्षण अहवाल’ म्हणजे 2024 मध्ये निघालेला की त्या वर्षाच्या हिशोबाचा? लेखापरीक्षण बऱ्याचदा काही वर्षं मागे चालतं. तेव्हा नेहमी ‘लेखावर्ष’ लिहा.

प्रतीला पानामागं 2 रुपये. अर्ज करून तपासणी केली तर पहिला तास मोफत, नंतर दर 15 मिनिटांना 5 रुपये. उत्तराची मुदत 30 दिवस. पानांच्या रकमेचं पत्र कार्यालयातून निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत, म्हणून पत्र घरात पडू देऊ नका. 30 दिवस उलटून गेले तर माहिती फुकट द्यावी लागते.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर 30 दिवसांच्या आत प्रथम अपील करा. जोडपत्र ‘ब’, 20 रुपये. त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील, पुन्हा 20 रुपये. आयोगापुढं तारीख लागायला बराच काळ जातो. म्हणून खरा जोर प्रथम अपिलाच्या सुनावणीतच लावा. पहिल्या पायरीत आलेलं कलम 4 तिथं कामाला येतं : जो कागद न मागता जाहीर व्हायला हवा, तो मागूनही का मिळत नाही, एवढा एकच मुद्दा मांडा.

अहवाल हाती आल्यावर

सुरुवातीची नियमांची पानं सोडा. शेवटचं आक्षेपांचं विवरण काढा. त्यात ‘आक्षेपाधीन’ आणि ‘वसूलपात्र’ असे दोन शब्द दिसतील. आक्षेपाधीन म्हणजे कागद अपुरे आहेत. मोजमाप पुस्तिका किंवा पावती दाखवली की आक्षेप मिटूही शकतो. वसूलपात्र म्हणजे पैसा परत यायला हवा, असं लेखापरीक्षकाचं म्हणणं. आपल्या पेठेतल्या किंवा हद्दवाढ भागातल्या कामाचा वसूलपात्र परिच्छेद सापडला, तर त्याचा क्रमांक टिपा आणि पुढचा अर्ज तेवढ्याच क्रमांकावर करा : किती वसूल झालं, कोणत्या चलनानं, कोणत्या तारखेला.